स्कॉटिश तलवारीची प्रतिकृती घेताय? आधी तिचं साल ठरवा

एका टेबलावर दोन तलवारी शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. दोन्हींच्या चिठ्ठीवर एकच नाव: क्लेमोर. एक उभी केली तर माझ्या खांद्याला लागणारी, दोन्ही हातांनी पेलायची, नुसती मूठच वितीपेक्षा लांब. दुसरी कमरेला लटकवायची, एका हाताची, आणि तिच्या मुठीभोवती लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा. मला वाटलं, मांडणाऱ्याने चिठ्ठ्या लावताना घोळ घातला. तसं नव्हतं. दोन्ही चिठ्ठ्या आपापल्या जागी बरोबर होत्या.

क्लेमोर हा मूळचा गेलिक शब्द, अर्थ साधा: मोठी तलवार. आज संग्रहालयांत आणि कॅटलॉगमध्ये हे नाव बहुतेक वेळा सोळाव्या शतकातल्या दोन हातांच्या लांब तलवारीला देतात. पण अठराव्या शतकातला हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातला माणूस, क्लेमोर म्हणायचा तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पिंजऱ्याच्या मुठीची एकहाती तलवार असायची. एकाच नावाच्या या दोन तलवारींमध्ये दोनेक शतकांचं अंतर आहे. नवीन माणूस पैसे घालवतो ते नेमके इथेच. म्हणून स्टील कुठलं, किंमत किती, हे प्रश्न मागाहून. आधी साल.

साल कसं ठरवायचं

प्रतिकृती घ्यायची म्हणजे कुठल्या तरी एका काळातल्या एका वस्तूची नक्कल घ्यायची. नुसती "स्कॉटिश तलवार हवी" असं म्हणून दुकानात गेलात, तर विक्रेता त्याच्याकडे पडून असलेली तलवार गळ्यात मारेल. स्वतःला विचारा: माझ्या मनात कुठला माणूस आहे? कुठली लढाई, कुठला पोशाख? उत्तर साधारण चार काळांपैकी एकात बसतं.

सगळ्यात जुना काळ दगडांवर पाहायला मिळतो. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोना बेटावर, सॅडेलला, किलमोरीला चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या कबरींच्या शिळा आहेत आणि त्यांवर तलवारी कोरलेल्या आहेत. एकहाती, सरळ पात्याच्या, मुठीच्या टोकाला पाकळ्यांसारखा गड्डा, आणि आडवी परज, म्हणजे मूठ आणि पातं यांच्या मधली पट्टी, दोन्ही बाजूंनी पात्याकडे उतरत गेलेली. या तलवारीच्या प्रतिकृती बाजारात फार कमी मिळतात. तरी ती उतरती परज लक्षात ठेवा, कारण पुढे तीच दोन हातांच्या क्लेमोरमध्ये मोठी होऊन आली.

दुसरा काळ त्या दोन हातांच्या क्लेमोरचा. साधारण १५०० च्या आसपासपासून सतराव्या शतकापर्यंत ती वापरात होती. ओळखायची सोपी खूण म्हणजे परजेची दोन्ही टोकं: प्रत्येक टोकाला चार छोटी कडी फुलासारखी जोडलेली असतात. नेहमीची मापं सांगायची तर एकूण लांबी १४० सेंटीमीटरच्या आसपास, त्यात पातं १०७ आणि मूठ ३३, वजन अडीच किलोच्या जवळपास. स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या सखल भागातल्या दोनहाती तलवारी आणखी मोठ्या असत आणि त्यांच्या परजेला बाजूने कडी असत. त्यांना क्लेमोर म्हणून विकतात, ते चूक आहे.

इथे एक गैरसमज दूर करू. पाठीवर म्यान बांधून खांद्यावरून क्लेमोर सर्रकन उपसणारा वीर फक्त पडद्यावर असतो. १०७ सेंटीमीटरचं पातं पाठीवरच्या म्यानातून बाहेर काढण्याइतका हात कुणाचाच लांब नसतो. दोरी बांधून घरी करून बघा, लगेच पटेल. ही तलवार खांद्यावर टाकून नेत. तेव्हा प्रतिकृतीसोबत पाठीवरचं म्यान देऊ करणाऱ्याला "नको" म्हणा आणि ते पैसे वाचवा.

आणि इंग्रजांविरुद्ध स्कॉटलंडसाठी लढलेल्या विल्यम वॉलेसचं काय, हा प्रश्न येणारच. वॉलेसने स्टर्लिंग ब्रिजची लढाई ११ सप्टेंबर १२९७ ला जिंकली, त्याला लंडनमध्ये २३ ऑगस्ट १३०५ ला मारलं. त्याची म्हणून ओळखली जाणारी तलवार स्टर्लिंगजवळच्या वॉलेस स्मारकात आहे, १८८८ पासून. लांबी १६३ सेंटीमीटर, वजन २.७ किलो. तिच्यासमोर उभं राहिलं की लोक आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात, मीही लागलो. पण अभ्यासकांना तिची घडण वॉलेसच्या नंतरच्या काळातली वाटते, आणि चौथ्या जेम्स राजाने १५०५ मध्ये वॉलेसच्या तलवारीची मूठ आणि म्यान नव्याने करवून घेतल्याची नोंद सांगितली जाते. म्हणजे ती श्रद्धेची वस्तू आहे, आणि श्रद्धेची वस्तू म्हणून तिची प्रतिकृती घरी ठेवायला काहीच हरकत नाही. मात्र चार कड्यांच्या फुलांची क्लेमोर "वॉलेसच्या सैनिकांची तलवार" म्हणून विकत असतील, तर तिथे दोनशे वर्षांची गफलत आहे. १९९५ च्या "ब्रेव्हहार्ट" या वॉलेसवरच्या गाजलेल्या सिनेमानंतर असा माल खूप आला, आजही येतो.

पिंजऱ्याची मूठ: इथे जरा थांबूया

तिसरा काळ माझ्या सगळ्यात जवळचा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १७४६ पर्यंतची बास्केट हिल्ट, म्हणजे पिंजऱ्याच्या मुठीची तलवार. दोन्ही बाजूंनी धार असेल तर तिला ब्रॉडस्वोर्ड म्हणतात, एकाच बाजूने असेल तर बॅकस्वोर्ड. पातं साधारण ८० ते ९० सेंटीमीटर, वजन एक किलो ते एक किलो चारशे ग्रॅम.

आपल्या दांडपट्ट्यात खोबळ्याने, म्हणजे लोखंडी हातमोज्यासारख्या मुठीने, हात कोपराजवळपर्यंत झाकला जातो आणि मनगट जखडतं. इथे उलट. पंजा पूर्ण पिंजऱ्यात, पण मनगट मोकळं. त्यामुळे वार फिरवता येतो, वळवता येतो, आणि समोरच्याचं पातं बोटांवर येत नाही. हायलँडरच्या डाव्या हातात टार्ज ही गोल ढाल असायची, लाकडाचे दोन थर आडवे-उभे जोडून वरून चामडं आणि पितळी खिळे मारलेली. अनेकदा त्याच डाव्या हातात डर्क हा लांब खंजीरही असे.

पिंजऱ्याची घडण जवळून बघितली की कारागिरी कळते. मुख्य पट्ट्यांच्या मधे छोटे पत्रे असतात, त्यांत पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची आणि गोल भोकं कोरलेली. ही नुसती शोभा नव्हे, वजनही त्याने कमी होतं. स्टर्लिंग आणि ग्लासगो ही मुठी घडवण्याची दोन मोठी ठिकाणं. ग्लासगोचे जॉन सिम्पसन आणि थॉमस गेमिल, स्टर्लिंगचे वॉल्टर अॅलन ही नावं आजही संग्राहक आदराने घेतात. अॅलनच्या काही मुठींमध्ये पट्ट्या इंग्रजी एस अक्षरासारख्या वळलेल्या असतात. घोडेस्वारासाठी केलेल्या मुठीत कधी पुढच्या बाजूला एक लांबट गोल कडं असतं, त्यात लगाम धरायचा. आतून चामड्याचं आणि लाल कापडाचं अस्तर असतं, म्हणजे बोटं लोखंडावर घासत नाहीत.

मूठ स्कॉटलंडची, पण पातं बहुतेकदा तिथलं नसायचं. ते जर्मनीतून, मुख्यतः सोलिंगेनहून यायचं. त्यावर "आंद्रेआ फेरारा" असं नाव कोरलेलं असे, कधी एका स्पेलिंगने, कधी दुसऱ्याच. हा मूळचा उत्तर इटलीतल्या बेलुनोचा सोळाव्या शतकातला नामांकित लोहार. त्याच्या मागे शंभर-दीडशे वर्षं जर्मन कारखाने त्याचं नाव पात्यांवर टाकत राहिले, कारण त्या नावावर गिऱ्हाइकाचा विश्वास होता. पात्यांवर कोरलेली पळत्या लांडग्याची खूणही अशीच. मराठी वाचकाला हे सांगताना मला मोठा आनंद होतो, कारण आपली फिरंग याच वाटेने घडली आहे: युरोपातून आलेलं सरळ पातं आणि वर देशी मूठ. त्या काळात चांगल्या पात्याला गिऱ्हाईक स्कॉटलंडच्या इनव्हर्नेसमध्येही होतं आणि दख्खनमध्येही.

या तलवारीची लढाई कशी असे? बंदुकीची एक फैर झाडायची, बंदूक टाकून द्यायची, आणि धूर विरायच्या आत तलवार-ढाल घेऊन धावत शत्रूच्या अंगावर जायचं. २७ जुलै १६८९ ला किलिक्रँकीला आणि २१ सप्टेंबर १७४५ ला प्रेस्टनपॅन्सला हा हल्ला जिंकला. १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या दलदलीच्या माळावर, ब्रिटिश सरकारी सैन्याच्या तोफांसमोर, तो मोडला. लढाईनंतर मैदानावरून गोळा केलेल्या हत्यारांच्या मोजदादीत २,३२० बंदुका आणि अवघ्या १९० तलवारी भरल्या. जुन्या लढायांच्या पुनर्अभिनयात भाग घेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. प्रत्येक हायलँडरच्या हाती तलवार नव्हती. साध्या शेतकरी सैनिकाचा वेश करणार असाल, तर झगमगीत पिंजऱ्याची मूठ त्याच्या हातात शोभत नाही.

कलोडननंतर हायलँडमध्ये हत्यारं बाळगण्यावर आणि पारंपरिक पोशाखावरही बंदी आली. पोशाखाची बंदी १७८२ मध्ये उठली. मधल्या काळात ही तलवार जगली ती ब्रिटिश सैन्यातल्या हायलँड पलटणींमुळे. आणि इथे तिचा महाराष्ट्राशी खरा संबंध येतो. २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढणाऱ्या वेलस्लीच्या सैन्यात ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँड पलटणी होत्या. त्या काळी हायलँड पलटणींच्या अधिकाऱ्यांची ठरलेली तलवार पिंजऱ्याच्या मुठीचीच होती. मराठ्यांच्या तोफखान्याने ७४ व्या पलटणीची त्या दिवशी भयंकर हानी केली.

चौथा काळ सैनिकी गणवेशाचा. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज राजा एडिंबरोला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने तो सोहळा आखला आणि हायलँडचा पोशाख एकदम प्रतिष्ठेचा झाला. मग पोशाखासोबत मिरवायच्या तलवारी घडू लागल्या. जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी तलवारी खरं तर एकोणिसाव्या शतकातल्या हौसेच्या आहेत. १८२८ मध्ये हायलँड अधिकाऱ्यांच्या तलवारीचा नमुना ठरला आणि त्याच घराण्यातली तलवार स्कॉटिश पलटणींचे अधिकारी आजही संचलनात धरतात. लग्नात किल्ट घालून केक कापायचा असेल, तर खुशाल हीच घ्या.

कशासाठी हवी आहे?

साल ठरलं की हा प्रश्न. भिंतीवर लावायची, पोशाखासोबत मिरवायची, सरावात दुसऱ्याच्या पात्यावर आपटायची, की धारेने चटई कापून बघायची? या चार कामांच्या चार वेगळ्या वस्तू आहेत आणि एकीचं काम दुसरीकडून करून घेणं धोक्याचं आहे. भिंतीवरची तलवार कधीही, मौजेखातरही, कशावर आपटू नका. सरावाच्या तलवारीला बोथट जाड कड आणि गोल टोक असतं, ते मुद्दाम तसं केलेलं असतं. पहिल्यांदा घेणाऱ्याने बोथटच घ्यावी. धारेची घाई करू नका.

स्टील आणि मुठीच्या आत काय आहे

माझी पहिली दोनहाती क्लेमोर मी फोटो बघून घेतली. विक्रेत्याने "बॅटल रेडी" असं लिहिलं होतं. चकचकीत स्टेनलेस पातं. काही महिन्यांनी मूठ खुळखुळायला लागली. टोकाचा गड्डा फिरवून काढला तर आत पात्याचा मागचा भाग मुठीतून आरपार गेलेलाच नव्हता. पात्याच्या बुडाला पेन्सिलएवढ्या जाडीची आटे पाडलेली सळई वेल्ड करून लावली होती आणि वेल्डला केसाएवढी भेग होती. ती मी अंगणात फिरवली असती तर मीटरभर लांबीचं पातं सुटून कुणाच्या तरी अंगावर गेलं असतं. हे लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतो, कारण त्या अंगणात मुलं खेळत असत.

म्हणून विक्रेत्याला लेखी विचारा: टँग, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग, पात्याच्या सलग पोलादाचाच आहे का? किती रुंद आहे? टोकाला कसा बसवला आहे? जुनी पद्धत अशी की टँग मुठीच्या गड्ड्यातून बाहेर काढून तापवून ठोकतात आणि तो रिव्हेटसारखा चपटा होऊन बसतो. काही चांगले कारागीर नट वापरतात, त्यात वाईट काही नाही, मूठ उघडून साफ करता येते. वाईट आहे ती वेल्ड केलेली सळई.

पोलाद हाय कार्बन असावं. १०६०, १०७५, ५१६० अशी नावं दिसतील. ५१६० हे गाड्यांच्या पाट्यांसाठी वापरतात तसं स्प्रिंग स्टील. नावापेक्षा पाणी कसं दिलंय ते महत्त्वाचं. आपल्याकडचे लोहार म्हणतात तेच: पाणी चुकलं तर पोलाद काचेसारखं मोडतं किंवा पत्र्यासारखं वाकतं. स्टेनलेस स्वयंपाकाच्या सुरीला उत्तम, पण तलवारीच्या लांबीला ठिसूळ ठरतं. ते भिंतीवरच राहू द्या.

जगभर विकल्या जाणाऱ्या स्कॉटिश तलवारींच्या बऱ्याच प्रतिकृती आपल्याच देशात, डेहराडूनला घडतात. तिथली विंडलास स्टीलक्राफ्ट्स ही त्यातली सगळ्यात नावाजलेली. लंडनच्या विल्किन्सन स्वोर्डने २००५ मध्ये तलवारी करणं थांबवलं, त्यानंतर सैनिकी संचलनाच्या तलवारींच्या बाजारातही भारतीय कारागिरीला जास्त जागा मिळाली. तेव्हा परदेशी संकेतस्थळावरून मागवण्याआधी ती वस्तू मूळ कुठे घडली हे बघा.

तराजू, व्हर्निअर आणि तुमचा पंजा

आता मापं. मी दोन बास्केट हिल्ट प्रतिकृतींवर एकाच दुपारी व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, लावला होता. पहिलीचं पातं मुठीजवळ पाच मिलिमीटर जाड आणि टोकाकडे अडीच. दुसरीचं मुठीजवळ पाच आणि टोकाकडेही जवळजवळ पाचच. वजनात जेमतेम दोनशे ग्रॅमचा फरक, पण पहिली हातात घेतली की टोक आपोआप समोरच्याच्या गळ्याकडे जायचं, आणि दुसरी पहारीसारखी खाली झुकायची. पातं टोकाकडे पातळ होत जाणं हेच चांगल्या नकलेचं लक्षण. कॅटलॉगमध्ये हे मापच नसतं. विक्रेत्याकडून मागून घ्या: मुठीजवळची जाडी, मधली जाडी, टोकापासून चार बोटं अलीकडची जाडी.

तोल बघायची रीत सोपी आहे. पातं एका बोटावर आडवं ठेवा आणि ते कुठे स्थिर राहतं ते बघा. पिंजरा जड असल्यामुळे या तलवारीचा तोल मुठीजवळच, चार-सहा बोटांवर येतो. तो वीतभर पुढे गेला असेल तर पातं जड आहे किंवा पिंजरा पत्र्याचा आहे.

एकूण वजन दीड किलोच्या वर गेलेली एकहाती तलवार मी नवीन माणसाला घेऊ देत नाही. "जुन्या लोकांच्या अंगात ताकद होती" हे त्यावरचं उत्तर नाही. जुन्या तलवारी हलक्या होत्या. संग्रहालयातल्या तलवारी त्याची साक्ष देतात.

आणि पंजा. पिंजऱ्याच्या प्रतिकृतींची सगळ्यात नेहमीची खोट म्हणजे पिंजऱ्याचं माप. कुणाचा पिंजरा एवढा ऐसपैस की आत पंजा हलतो आणि पातं वाकडं उतरतं. कुणाचा एवढा तंग की बोटांचे सांधे पट्ट्यांवर घासून सोलून निघतात. मूठ नेहमीसारखी घट्ट धरा. बोटांच्या सांध्यांपासून पट्टीपर्यंत करंगळीएवढी मोकळी जागा हवी. सरावाचे जाड हातमोजे घालणार असाल तर ते घालून बघा. ऑनलाइन घेत असाल तर पिंजऱ्याची आतली रुंदी आणि मुठीची आतली लांबी विचारा, मग घरात त्या मापाचा पुठ्ठ्याचा डबा करून त्यात हात घालून बघा. मी तीन जणांना असा डबा करून दिला आणि तिघांनीही आपली पहिली निवड बदलली.

अजून एक. व्हेनिसची स्कियाव्होना नावाची तलवार दिसायला अशीच पिंजऱ्याची असते आणि तिला "स्कॉटिश" म्हणून खपवतात. तिच्या पट्ट्या तिरक्या जाळीसारख्या असतात आणि मुठीचा गड्डा मांजराच्या डोक्यासारखा चपटा. सुंदर तलवार आहे, पण स्कॉटलंडची नाही.

कायदा

हा भाग टाळून पुढे जाऊ नका. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा तलवारींनाही लागू आहे. घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या वापरासाठी नसलेली, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं त्याच्या नियमांत येतात. सरकारने अधिसूचित केलेल्या भागांत ती बाळगायलाही परवाना लागतो. महाराष्ट्रात सणासुदीला, निवडणुकीच्या काळात पोलीस मनाई आदेश काढतात, तेव्हा मिरवणुकीत तलवार नेल्यास पोलीस कायद्याखालीही गुन्हा दाखल होतो. धार नाही म्हणून आपण सुटलो, असं गृहीत धरू नका. घेण्याआधी जवळच्या पोलीस ठाण्यात जा, वस्तूचा फोटो आणि मापं दाखवा, विचारा. बिल जपून ठेवा. खंडेनवमीला शस्त्रपूजेत मांडायची असेल तरी घरातच मांडा, हातात घेऊन रस्त्यावर फोटो काढू नका आणि समाजमाध्यमांवर टाकू नका. अशा फोटोंवरून गुन्हे नोंदले गेले आहेत.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी: अठरा वर्षांखालच्यांना तलवार विकत नाहीत, सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी बाळगणं गुन्हा आहे, आणि स्कॉटलंडमध्ये अशी पाती विकणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. सरावाला नेताना पूर्ण बंद पिशवीत न्या आणि वाटेत उघडू नका. भारतात आणायची असेल तर आधी कस्टम्स आणि विमान कंपनी, दोन्हींकडून लेखी उत्तर घ्या, मग विकत घ्या.

पार्सल आलं

घाईने उपसू नका. पार्सल जमिनीवर ठेवा, मुलांना आणि मांजराला दुसऱ्या खोलीत पाठवा. पात्यावर कारखान्याचं घट्ट ग्रीस असतं, ते रॉकेलच्या बोळ्याने पुसा. मग पातं डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखं नेम धरून बघा, सरळ आहे का. तलवार उभी धरून मुठीवर तळहाताने थाप मारा. स्वच्छ थरथर पात्यातून जायला हवी, खुळखुळ ऐकू आली तर परत पाठवा. पिंजऱ्याच्या प्रत्येक जोडावरून बोट फिरवा, कुठे धारदार कड उरली असेल तर बारीक पॉलिश पेपरने मोडा. पातं वाकवून बघण्याचा मोह होतो. थोडंसं, चार बोटं, वाकवा आणि ते सरळ परत येतंय का बघा. त्यापेक्षा जास्त नको.

पावसाळा

स्कॉटलंडही ओलं आहे, पण आपला जून ते सप्टेंबर वेगळाच. कोकणात, मुंबईत, गोव्यात हाय कार्बन पात्यावर एका रात्रीत नारिंगी ठिपके येतात. हाताचा घाम तर पाण्यापेक्षा वाईट. प्रत्येक वेळी हाताळल्यावर पातं कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवा. खोबरेल नको, ते चिकट होतं आणि धूळ धरतं.

चामड्याच्या म्यानात तलवार कायमची ठेवू नका. चामडं ओल शोषतं आणि पात्याला देत राहतं. म्यान वेगळं, तलवार वेगळी, तलवार कापडात गुंडाळून कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. आणि पिंजऱ्याच्या आतलं लाल अस्तर विसरू नका. बाहेरचं लोखंड चमकत असतं आणि अस्तराच्या मागे गंज साचतो. दर पंधरा दिवसांनी अस्तर उचकून आत बघा, पंख्याखाली सुकू द्या. एका हिवाळ्यात मी माझं अस्तर काढलं तेव्हा त्यामागे बुरशीचा पांढरा थर होता आणि खालच्या पट्टीवर नखाएवढा खड्डा पडलेला. तो अजून आहे.

शिकायचं असेल तर

पोलादाने सुरुवात करू नका. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्येही ब्रॉडस्वोर्डचा सराव सिंगलस्टिकने व्हायचा, म्हणजे काठी आणि तिच्या मुठीला वेताची किंवा चामड्याची टोपली. आपल्या फरी-गदक्याचा हात बसलेल्याला हे लगेच उमगेल. फरी-गदका शिकवणारे आखाडे महाराष्ट्रात अजून आहेत, तिथे सहा महिने पाय आणि अंतर शिका. मग सरावाची बोथट तलवार, तोंडावर जाळी, जाड हातमोजे आणि बरोबर जाणता माणूस. ग्लासगोला गेलात तर केल्विनग्रोव्ह संग्रहालयात आणि एडिंबरोला राष्ट्रीय संग्रहालयात अस्सल तलवारींपुढे तासभर उभे राहा. वहीत पिंजऱ्याचं चित्र काढा, वाईट आलं तरी चालेल. हाताने काढलं की पट्ट्या कुठून कुठे जातात ते डोक्यात बसतं.

आणि घरी आल्यावर आपल्या तलवारीच्या मुठीला सुतळीने एक चिठ्ठी बांधा. नुसतं "क्लेमोर" लिहू नका. पूर्ण लिहा: बास्केट हिल्ट, दुधारी, स्टर्लिंग पद्धतीची मूठ, मूळ नमुना साधारण १७४०, प्रतिकृती, बोथट, कुठे घडली, कुठल्या साली घेतली.